गुडघे दुखतात म्हणून बसून राहू नका, घरच्या घरी काय करायचं ते सांगते

माझी आई ६७ वर्षांची. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन वर्षांपूर्वी तिचे गुडघे दुखायला लागले, एक्स-रे काढला, गुडघ्याची झीज निघाली. कुणीतरी तिला सांगितलं की गुडघ्यातलं ग्रीस संपलं, आता जपून वापरा. झालं, तिने जिनाच सोडला, मग भाजी आणणं सोडलं, मग मंदिरात जाणं पण सोडलं आणि सहा महिन्यांत दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागायचा.

मग फिजिओकडे गेलो तेव्हा पहिल्यांदा कळलं की आम्ही सगळं उलटं करत होतो. गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकाला असलेली गुळगुळीत गादी, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यात जे वंगणासारखं पाणी असतं त्यातून तिला पोषण मिळतं, आणि गुडघा हलला, त्याच्यावर दाब येऊन सुटला की ते पाणी आत-बाहेर होतं. म्हणजे पाय हलवला नाही तर गुडघा उपाशी राहतो. दुसरं म्हणजे मांडीच्या पुढचा मोठा स्नायू. चालताना, उतरताना बसणारा धक्का तो झेलतो. बसून बसून तो बारीक झाला की सगळा भार सांध्यावर जातो, मग आणखी दुखतं, मग माणूस आणखी बसतो. झिजलेली कूर्चा व्यायामाने परत येत नाही हे खरं आहे, पण मांडी भक्कम झाली की त्याच गुडघ्याने खूप कमी दुखत चालता येतं.

सुरुवात पलंगावर करा. पाय सरळ पसरून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा, मांडी घट्ट झालेली हाताला लागली पाहिजे. ५ आकडे मोजायचे, सोडायचं. असं १० वेळा, मग दुसरा पाय. हे इतकं सोपं आहे की आईला वाटलं याने काय होणार, पण ज्यांचं जास्त दुखतं त्यांना हेच सगळ्यात आधी जमतं. चार-पाच दिवसांनी आडवं झोपून एक पाय दुमडायचा आणि दुसरा सरळ ठेवून दुमडलेल्या गुडघ्याच्या उंचीपर्यंत उचलायचा, ५ मोजायचे, हळू खाली. श्वास मात्र अजिबात कोंडू नका, बीपी असेल तर विशेष करून. मोठ्याने आकडे मोजले की श्वास आपोआप चालू राहतो.

आता खुर्ची. एकच व्यायाम करायचा असेल तर मी हा सांगेन. कारण उठणं-बसणं हेच तर दिवसभर करायचं असतं, संडासात, जेवायला, बसमध्ये. खुर्ची लाकडी किंवा जड घ्या, प्लास्टिकची सरकते, आणि भिंतीला टेकवून ठेवा. पुढे सरकून कडेला बसा, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्या (इथेच सगळे चुकतात, पाय पुढे ठेवून उठायला बघतात), हात छातीवर, आणि नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे वाका आणि मग उठा. बसताना धपकन बसायचं नाही, ३ मोजत हळू बसायचं, खरी ताकद त्या खाली जाण्यातच येते. हात न लावता जमत नसेल तर खुर्चीवर दोन जाड उशा ठेवून उंची वाढवा, आईने तिथूनच सुरू केलं होतं. आधी ५ वेळा, मग ८, मग १० चे दोन सेट, मग एक उशी काढा.

दुखलं तर काय, हा सगळ्यांचा प्रश्न असतो. आम्हाला सांगितलेला हिशोब असा: दुखणं ० ते १० मध्ये मोजा, ३-४ पर्यंत गेलं तरी चालेल. व्यायामानंतर जे वाढेल ते दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत पुन्हा पहिल्यासारखं झालं पाहिजे. झालं तर तेवढंच चालू ठेवा. नाही झालं किंवा गुडघा सुजला तर बंद करू नका, निम्मं करा. आईला हा एक नियम कळला आणि तिची भीती गेली, कारण आधी जरा कळ आली की तिला वाटायचं आत काहीतरी तुटलं. किटकिट आवाज आला पण दुखत नसेल तर त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

तोल पण सांभाळायला हवा, कारण या वयात पडणं फार महागात पडतं. ओट्याला धरून (गॅस बंद असताना) टाचा उचलायच्या, १० वेळा. मग एका पायावर १० सेकंद, हात ओट्यावरच असू द्या, जमेल तसा दोन बोटांवर आणा. नुसते मोजे घालून करू नका, फरशीवर पाय सटकतो.

जिन्यासाठी लक्षात ठेवा, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि कठडा धरा. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची, बहुतेक लोक त्याच बाजूला धरतात आणि मग उपयोग होत नाही. हात खाली सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या रेषेला आली पाहिजे. चालणं सलग अर्धा तास झेपत नसेल तर १०-१० मिनिटं तीनदा चाला. वजन जास्त असेल तर एक किलो कमी झालं तरी दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, म्हणून थोडं उतरलं तरी फरक जाणवतो. उकिडवं बसणं दुखत असेल तर सध्या टाळा, भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

गुडघा लाल आणि गरम झाला, ताप आला, पोटरी एकाएकी सुजली, पडल्यावर पायावर भार देता येत नाही किंवा गुडघा मध्येच अडकतोय, तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि दुकानातून पेनकिलर आणून रोज घेऊ नका, बीपी आणि किडनीवर परिणाम होतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय किंवा हार्टचा त्रास आहे त्यांनी आधी विचारूनच सुरू करा.

फरक कळायला ६ ते ८ आठवडे लागतात, आणि तेवढ्यात कंटाळा येतो हीच मोठी अडचण. आम्ही दर महिन्याच्या १ तारखेला मोबाईलवर ३० सेकंद लावतो आणि हात न लावता खुर्चीतून किती वेळा उभं राहता येतं ते मोजतो. तिच्या वयाच्या बाईला ११ च्या खाली आलं तर ताकद कमी समजतात. हात न लावता पहिल्यांदा मोजलं तेव्हा आईचं ६ आलं होतं, ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिने स्वतः पेनाने लिहून ठेवलं. या महिन्यात १२ लिहिलंय. सकाळच्या चहानंतर ती आता न सांगता खुर्ची भिंतीला लावते.