बी.एस्सी.ला ॲडमिशन घेताय? या चुका टाळा, नंतर तीन वर्षं निस्तरत बसावं लागतं

बारावीचा रिझल्ट लागला की मला फोन सुरू होतात. कुणाची मुलगी, कुणाचा पुतण्या, आणि प्रश्न एकच, "इंजिनिअरिंग नको म्हणतोय, प्युअर सायन्स करायचंय, कुठं टाकू त्याला?" मी स्वतः केमिस्ट्रीत बी.एस्सी. आणि मग एम.एस्सी. केलंय, आणि कॉलेज निवडताना मी जी चूक केली तीच दरवर्षी पोरं करताना दिसतात म्हणून सगळं एकदाच लिहून काढते.

पहिली चूक म्हणजे विद्यापीठाचं नाव बघणं

"पुणे विद्यापीठ चांगलं की मुंबई?" या प्रश्नाला खरं म्हणजे उत्तरच नाही. आपल्याकडे बहुतेक मुलांचं बी.एस्सी. विद्यापीठाच्या आवारात होतच नाही, ते होतं संलग्न कॉलेजात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाखाली पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक असे तीन जिल्हे येतात, त्यातल्या एका कॉलेजात रोज प्रॅक्टिकल होतं आणि दुसऱ्यात परीक्षेच्या आधी पंधरा दिवस गडबडीत उरकतात, पण डिग्री दोघांना एकाच विद्यापीठाची. फर्ग्युसन, झेवियर्स, रुईया अशी ऑटोनॉमस कॉलेजं सिलॅबस आणि पेपर स्वतःचे काढतात, तरी डिग्रीवर नाव विद्यापीठाचंच असतं. म्हणून विद्यापीठ नाही, कॉलेजसुद्धा नाही, डिपार्टमेंट बघा. ज्या विषयात डिग्री घ्यायचीय त्याचंच डिपार्टमेंट.

मी हे बघितलं नाही. कॉलेज जिल्ह्यात नावाजलेलं होतं, इमारत दगडी, ग्राउंड मोठं, आईबाबा खूश. लॅबमध्ये मात्र आठ जणांत एक ब्युरेट, म्हणजे द्रव थेंबाथेंबानं मोजून सोडायची काचेची नळी, तिचाही कॉक गळायचा, आणि रीडिंग सिनियरच्या जर्नलमधून उतरवायची हे सरांनाही माहीत होतं. मार्क छान पडले. मग एम.एस्सी.ला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात ॲनालिटिकल बॅलन्ससमोर, म्हणजे अगदी बारीक वजन दाखवणाऱ्या काट्यासमोर, उभी राहिले, चौथ्या दशांशातला आकडा काही केल्या स्थिर होईना, मी पदार्थ काढतेय, घालतेय, परत काढतेय. शेजारच्या मुलीनं काही न बोलता बॅलन्सचं काचेचं दार सरकवून बंद केलं आणि आकडा थांबला. हवेच्या झुळकीनं वजन हलतं ही गोष्ट मला तीन वर्षांत कुणी दाखवली नव्हती, कारण तसा बॅलन्स आम्ही कपाटात ठेवलेलाच बघितला होता. त्या दिवशी रडू आलं होतं मला.

लॅब न बघता फॉर्म भरणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहिते. मागच्या वर्षी भाचीला घेऊन दोन कॉलेजं बघायला गेले. पहिल्या कॉलेजात ॲडमिशन काउंटरला एसी, रंगीत प्रॉस्पेक्टस, सगळं झकपक. लॅब बघू का म्हटलं तर "आत्ता बंद आहे मॅडम". बराच वेळ बसल्यावर उघडली. आत फ्यूम हूड होतं, म्हणजे ते विषारी वाफा ओढून बाहेर टाकणारं काचेचं कपाट, तर त्यात जुन्या जर्नल्सचे गठ्ठे आणि एक मोडकी खुर्ची. पंखा सुरू करून दाखवा म्हटलं तर स्विचच सापडेना.

दुसरं कॉलेज तसं साधं, नाव फारसं कुणी घेत नाही. लॅब उघडीच होती, स्टँडला ब्युरेट उलट्या लावून निथळत ठेवलेल्या, सिंकपाशी लॅबचे काका टेस्ट ट्यूब धूत होते. भाचीनंच विचारलं, "काका, एका बॅचला किती जण असतात?" ते म्हणाले, "वीस. ब्युरेट ज्याची त्याला." मग त्यांनी ब्रेकेज रजिस्टर दाखवलं, कुणी काय फोडलं त्याच्या तारखेवार नोंदी, पानंच्या पानं भरलेली. मला ते रजिस्टर बघून इतकं बरं वाटलं! काचेच्या वस्तू फुटतायत म्हणजे मुलांच्या हातात त्या जातायत. भाची तिथंच आहे आता.

तुम्ही गेलात तर चालू दिवशी जा, रविवारी नको. फिजिक्सवाल्यांनी स्पेक्ट्रोमीटर किती आहेत, सोडियम लॅम्प किती लागतात ते विचारा, लॅम्प तापायलाच दहा मिनिटं जातात, चार ग्रुपमध्ये एक लॅम्प असेल तर प्रॅक्टिकल होणार कधी? बॉटनी-झूऑलॉजीवाल्यांनी मायक्रोस्कोपमधून प्रत्यक्ष बघा, लेन्सवर बुरशी चढलीय का ते कळेल. आणि ऑफिसपेक्षा थर्ड इयरच्या मुलांना कँटीनमध्ये गाठा, ती खरं सांगतात. शिकवायला कायम किती जण आणि सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, किती हेही त्यांनाच विचारा. सीएचबीवरचे शिक्षक जीव तोडून शिकवतात, त्यांना मी नावं ठेवत नाहीये, पण तासावर पगार आणि पुढच्या वर्षी असतील की नाही माहीत नाही, मग तुमच्या प्रोजेक्टला शेवटपर्यंत कोण राहणार आणि शिफारसपत्र कोण देणार?

रँकिंग आणि ग्रेड

एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारच्या रँकिंगची, यादी 2016 पासून निघते, लोक ती घेऊनच बसतात. पण कॉलेजांची रँक आर्ट्स, कॉमर्स, सायन्स सगळं मिळून अख्ख्या कॉलेजची असते, तुमच्या झूऑलॉजी डिपार्टमेंटचं त्यात वेगळं काही कळत नाही, आणि आकडे कॉलेजनं स्वतःच भरून दिलेले असतात. कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची ग्रेड बघा पण ती कधी मिळाली ते वर्षही बघा, गेटवरचा बोर्ड बऱ्याचदा जुनाच असतो. चाळणी म्हणून हे ठीक, पण यावरच ॲडमिशन घेऊ नका.

"नाव मोठं आहे, मग मिळेल तो विषय घेऊ"

असं म्हणून घेतलेला विषय तीन वर्षं सुटत नाही. आता नवीन शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि जोड विषय, आलंय, बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय घ्यायचे आणि दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर करायचा. इथं विचारायचं ते असं, की मला हवा त्या मेजरला सीट्स किती आणि त्या पहिल्या वर्षाच्या मार्कांवर देणार का, कारण पहिल्या वर्षी फिजिक्स मिळालं म्हणजे पुढे मेजरला मिळेलच असं नाही. ऑनर्सचं चौथं वर्ष त्या कॉलेजात आहे का हेही विचारा. ऑनर्स विथ रिसर्च करायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरला मिळून 75 टक्के लागतात, आणि कॉलेजात तो कोर्सच नसेल तर चौथ्या वर्षाला दुसरीकडे पळावं लागेल. आणि अकरावीत मॅथ्स सोडून पीसीबी घेतलेल्यांनी फिजिक्स आवडतं म्हणून उडी मारू नका, आधी मॅथ्सशिवाय पुढचे रस्ते कुठं कुठं बंद होतात ते नीट वाचा.

रिझल्टची वाट बघत बसणं

याचं फार वाईट वाटतं. हुशार पोरगी जूनमध्ये विचारते, "ताई, आयसरला कसं जायचं?" आणि तोवर फॉर्मची तारीख कधीच गेलेली असते. आयसर, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, सात आहेत, त्यातली एक आपल्या पुण्यात पाषाणला, 2006 पासून, आणि तिथं जायला आयएटी नावाची परीक्षा लागते, बारावीच्या मार्कांवर ॲडमिशन मिळत नाही. पेपरात फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी चारही विषयांचे प्रश्न असतात, पण बारावीला त्यातले तीन असले तरी बसता येतं. तशाच भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईत कलिना कॅम्पसमधलं सीईबीएस या संस्थांना नेस्ट परीक्षा. मॅथ्स-स्टॅटवाल्यांसाठी चेन्नईची गणित संस्था सीएमआय आणि कोलकात्याची सांख्यिकी संस्था आयएसआय, त्यांच्या परीक्षा वेगळ्या. दिल्ली विद्यापीठाला जायचं तर 2022 पासून सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा. हे सगळे फॉर्म बारावीच्या वर्षातच, बहुतेक रिझल्टच्या आधी बंद होतात. म्हणून डिसेंबरपासूनच या सगळ्या वेबसाइट बघत राहा.

पैशाचं थोडक्यात. एकाच कॉलेजात फिजिक्स, केमिस्ट्री अनुदानित तुकडीत असतं आणि बायोटेक किंवा कॉम्प्युटर सायन्स विनाअनुदानित, आणि फीत कित्येक पट फरक पडतो. "तुकडी अनुदानित का?" हे तोंडानं विचारा, पावती बघून मग धक्का नको. प्रवासाचंही तसंच. बदलापूरहून दक्षिण मुंबईत रोज जायचं आणि प्रॅक्टिकल संपायला साडेपाच, घरी पोचून अभ्यास कधी होणार? त्यापेक्षा जवळचं बरं डिपार्टमेंट चांगलं.

चूक झालीच असेल तर

विषय चुकला असं पहिल्या महिनाभरात कळलं तर लगेच ऑफिसला लेखी अर्ज द्या, ॲडमिशनच्या दिवसांत सीट रिकामी असते, नंतर नाही. ॲडमिशन रद्द करायची असेल तर फी परत मिळायच्या तारखा ठरलेल्या असतात, त्या आधी बघा. ओरिजनल मार्कशीट कॉलेजला अडकवून ठेवता येत नाही, यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, तसा नियमच आहे, पडताळून परत द्यायची असते. कॉलेज बदलायचं तर दुसऱ्या वर्षाला, आणि शक्यतो त्याच विद्यापीठातलं, कारण विद्यापीठ बदललं की सिलॅबस जुळत नाही, मायग्रेशन, इलिजिबिलिटीची कागदपत्रं, सगळं नव्यानं.

बदलता येत नसेल तर लॅब बाहेर शोधा. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात बी.एस्सी.च्या मुलांसाठी एनआययूएस म्हणून कार्यक्रम आहे, 2004 पासून चालतो. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप असते, त्यात खऱ्या संशोधकाबरोबर दोन महिने काम करायला मिळतं. पुण्यात असाल तर एनसीएल (रसायनशास्त्र), आयुका (खगोलशास्त्र), आघारकर (जीवशास्त्र) या संशोधन संस्था हाकेच्या अंतरावर आहेत, प्रोजेक्टसाठी मेल टाका, दहातल्या एकाचं उत्तर आलं तरी पुरे. आणि थर्ड इयरला जॅम ही प्रवेश परीक्षा द्या. तिच्यावर आयआयटीत एम.एस्सी.ला ॲडमिशन मिळते, आणि तिथं तुमचं बी.एस्सी. कुठल्या गावच्या कॉलेजातलं हे कुणी विचारत नाही. तोवर निदान बॅलन्सचं दार लावायची सवय मात्र आत्ताच करून घ्या.