मराठीत टेक पॉडकास्ट करायचाय? मग हे वाचा, थोडं अनुभवाचं

"ताई, टेक पॉडकास्ट सुरू करायचाय, माइक कुठला घेऊ?" हा मेसेज मला सतत येतो. कॉलेजातली पोरं जास्त विचारतात, पण हल्ली आयटीत बरीच वर्षं काढलेली माणसंही विचारायला लागलीत, म्हणून म्हटलं एकदाच सविस्तर लिहून टाकू. माइकचंही सांगते पण नंतर, कारण माइक साधा होता म्हणून शो बंद पडला असं मी कुठे बघितलं नाही, सांगायला काही उरलंच नाही म्हणून बंद पडलेले मात्र खूप बघितलेत.

या लाइनमध्ये नवीन माणूस आला की तो पहिला बातमीमागे धावतो. नवीन फोन आला, कुठल्या एआय कंपनीने नवीन मॉडेल काढलं की त्याच रात्री एपिसोड करायला बसतो. आता बघा, लाँचची सगळी माहिती कंपनीने मोठ्या चॅनेलवाल्यांना आधीच दिलेली असते, फोनही हातात दिलेला असतो, फक्त अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत तोंड उघडायचं नाही अशी अट असते, तिला एम्बार्गो म्हणतात, आणि ती वेळ झाली रे झाली की एकदम ढीगभर व्हिडिओ येऊन पडतात. तुम्ही डोंबिवलीला घरी बसून प्रेस नोट वाचणार, रात्रभर एडिट करून सकाळी टाकणार, तोवर ऐकणाऱ्याचं हिंदी-इंग्रजीत सगळं ऐकून झालेलं असतं. ही शर्यत आपली नाही. मराठीत टेकवर बोलणाऱ्याने एकच गोष्ट हातात घ्यावी आणि समोरच्याला ती पूर्ण कळेपर्यंत सोडू नये, हे माझं ठाम मत आहे आणि पुढे जे काही लिहिलंय ते सगळं याच मताभोवती आहे.

उदाहरण देते. दादरच्या फुलबाजारात सकाळी गर्दीच्या वेळी कोणीतरी स्कॅन करतं, त्याच्या फोनवर पैसे कापल्याचा मेसेज येतो, पण फुलवाल्याचा साउंडबॉक्स गप्प. मागे रांग वाढत जाते, गिऱ्हाईक फोन दाखवतंय, फुलवाला म्हणतोय आले नाहीत, आणि दोघंही खरं बोलतायत. आम्ही आमच्या पॉडकास्टमध्ये यावर एक अख्खा एपिसोड केला. तुमच्या फोनमधल्या ॲपकडे तुमचे पैसे नसतातच, ते फक्त निरोप पुढे देतं. तो निरोप एनपीसीआयकडे, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेकडे जातो, तिथून तुमच्या बँकेकडे, तुमची बँक पैसे कापून हो म्हणते, मग एनपीसीआय समोरच्याच्या बँकेला जमा करायला सांगतं. या साखळीत शेवटचं उत्तर वेळेत आलं नाही की व्यवहार लटकतो. मग रिझर्व्ह बँकेचं 20 सप्टेंबर 2019 चं परिपत्रक समजावून सांगितलं, की माणसाने माणसाला पाठवलेले पैसे असे अडकले तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांत, आणि त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई बँकेने द्यायची, ग्राहकाने तक्रार केली नसली तरी.

रेकॉर्डिंगच्या आधी मी आईला बसवून सगळं सांगून बघितलं, तर तिने विचारलं, "मग त्या मधल्या वेळात पैसे असतात कुठे?" याचं नीट उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं, म्हणून पेमेंटमध्ये काम केलेल्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावला, आणि त्याने सांगितलं की बँकाबँकांमधला खरा हिशेब दिवसातून ठराविक वेळा होतो, रिझर्व्ह बँकेतल्या त्यांच्या खात्यांवर, प्रत्येक व्यवहारामागे पैसे उचलून इकडून तिकडे नेले जात नाहीत. मग एपिसोडची सुरुवातच आईच्या प्रश्नाने केली. आमचा सगळ्यात जास्त फॉरवर्ड झालेला एपिसोड हाच. परळच्या एका मेडिकलवाल्या काकांनी व्हॉइस नोट पाठवली की दुकानातल्या पोरांना ऐकवला म्हणून, ती नोट मी अजून जपून ठेवलीय. आणि हे सगळं आपल्या शहरातलंच आहे हो, एनपीसीआय बीकेसीत, रिझर्व्ह बँक फोर्टात, यावर बोलणारी माणसं लोकलने अर्ध्या तासावर भेटतात. हा फायदा मुंबईत राहून घ्यायचा नाही तर कधी घ्यायचा.

आता या क्षेत्रातल्या बाकीच्या लोकांबद्दल, कारण मी जे काही शिकले त्यातलं बरंचसं त्यांच्याकडून. ऐका, भरपूर ऐका. अमेरिकेत लिओ लापोर्ट नावाचा माणूस आहे, टीव्हीवर टेकचे कार्यक्रम करायचा, 2005 मध्ये त्याने धिस वीक इन टेक सुरू केलं आणि त्याच वर्षी स्टीव्ह गिब्सनबरोबर कॉम्प्युटरच्या सुरक्षेवरचा सिक्युरिटी नाऊ, दोन्ही अजून चालू आहेत. गिब्सन एखादी सुरक्षेतली चूक समजावताना जी सावकाशी ठेवतो ना, ती ऐकण्यासारखी असते, आधी ती गोष्ट नीट चालते तेव्हा कशी चालते ते सांगतो आणि मग कुठे बिघडली ते. शिवाय प्रत्येक भागाचं लिखित रूपही मिळतं, नवीन माणसाने ते वाचता वाचता ऐकावं, वाक्यं कशी बांधलीत ते कळतं. टॉम मेरिटचा डेली टेक न्यूज शो जानेवारी 2014 पासून ऐकणाऱ्यांच्या वर्गणीवर चाललाय, तोही ऐका, रोजची बातमी थोडक्यात आणि आरडाओरडा न करता कशी सांगायची ते तिथे दिसतं. लापोर्टच्या कंपनीने 2024 मध्ये आपला मोठा स्टुडिओ बंद केला आणि सगळे घरून रेकॉर्ड करायला लागले, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, पण शो थांबले नाहीत हेही बघा. एवढ्या जुन्या लोकांना स्टुडिओचा खर्च झेपत नसेल तर आपण सुरुवातीलाच अंधेरीत तासावर स्टुडिओ घेऊन काय मिळवणार आहोत?

मुंबईत या कामाला मोठी परंपरा आहे हे बरेच जण विसरतात. 23 जुलै 1927 ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र मुंबईतच सुरू झालं. रेडिओत उमेदीची वर्षं घालवलेली माणसं आजही आपल्या आसपास राहतात, त्यांच्याकडे जा. मला अशाच एका बाईंनी शिकवलं की आकडा सांगायचा तर एका वाक्यात एकच सांग, आणि समोर एकच माणूस बसलाय असं धरून बोल, "श्रोतेहो" नको, सरळ "तुम्ही". दुसरं म्हणजे मराठी विज्ञान परिषद, 1966 पासून मराठीतून विज्ञान पोचवण्याचं काम करतेय, चुनाभट्टीला त्यांचं विज्ञान भवन आहे. सोप्या मराठीत विज्ञान बोलणारे पाहुणे पाहिजेत तर तिथल्या कार्यक्रमांना जाऊन बसा, मागच्या रांगेत बसून कोण छान बोलतं ते टिपून ठेवा.

मराठी पॉडकास्टमध्ये मित्रम्हणे, अमुक तमुक अशा शोंनी एक गोष्ट सिद्ध करून दिलीय की लांबलचक गप्पा मराठी माणूस ऐकतो. टेकवर मराठीत बोलणारे अजून कमी आहेत, आणि जे आहेत ते एकमेकांना धरून आहेत हे मला फार मोलाचं वाटतं. आमचा एक छोटा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात पाहुण्यांचे नंबर त्यांना विचारून दिले जातात, कुठल्या ब्रँडने किती पैसे देऊ केले ते उघडपणे सांगितलं जातं (नवीन माणसाला स्वतःचा रेट कळायला दुसरा मार्गच नाही), आणि कोणाची फाइल करप्ट झाली तर रात्री बारालाही कोणीतरी बसून दुरुस्त करून देतं. एका गोष्टीवर मात्र मी कडक आहे. दुसऱ्याने आधी शोधून काढलेली गोष्ट तुम्ही सांगत असाल तर एपिसोडमध्येच त्याचं नाव घ्या, खाली डिस्क्रिप्शनमध्ये कोपऱ्यात नको. मेहनत करून शोधलेलं कोणी नाव न घेता वापरलं की तो माणूस हळूहळू शोधणंच सोडून देतो, असं होताना मी बघितलंय.

आमच्यात एक वाद कायम चालू असतो, व्हिडिओ करायचा का. काही मित्र पूर्ण व्हिडिओवर गेले, यूट्यूबवर त्यांना बघणारे मिळाले, चांगलं चाललंय. मी ऑडिओ सोडणार नाही. विरार लोकलमध्ये सकाळी उभं राहायला जागा नसते, फोन खिशात, हात वरच्या कडीला, तिथे व्हिडिओ कोण बघणार, आणि आधी डाउनलोड करून ठेवलेला एपिसोड रेंज गेली तरी चालू राहतो. माझा ऐकणारा तिथे आहे.

बरं, आता माइक. मुंबईतल्या घरात डायनॅमिक माइक घ्या, कंडेन्सर नको. कंडेन्सर जास्त नाजूक आवाज पकडतो, म्हणजे शेजारच्यांचा कुकर, खालचा पाण्याचा पंप, एप्रिलमधली कोकिळा, सगळं पकडतो. यूएसबीवाला साधा डायनॅमिक सुरुवातीला पुरतो, नंतर इंटरफेस (मोठा माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) वगैरे घ्यायचं झालं तर लॅमिंग्टन रोडला चक्कर मारा, हातात घेऊन बघता येतं. तोंडापासून चार बोटं अंतर, आणि अगदी समोर न धरता किंचित तिरका, म्हणजे प, फ, भ चा फटका बसत नाही. पंखा बंद. कपाट उघडं ठेवून त्याच्यासमोर बसा, पाठीमागे गोधडी टांगा, खोलीचा घुमणारा आवाज बऱ्यापैकी मरतो. आमच्या बिल्डिंगचा पंप कधी चालू होतो ते वॉचमनकाकांना माहीत आहे, मी त्यांना विचारून रेकॉर्डिंगची वेळ ठरवते. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस पडतोय तेव्हा रेकॉर्डिंगचा हट्ट करू नका, लिहायचं काम काढा.

पाहुणा लांब असेल तर कॉलचा आवाज रेकॉर्ड करू नका, दोघांनी आपापल्याकडे रेकॉर्ड करायचं आणि नंतर दोन्ही फाइल जोडायच्या. पाहुण्याला हेडफोन लावायलाच सांगा, नाहीतर तुमचा आवाज त्याच्या माइकमध्ये घुसतो. एडिटिंगला ऑडॅसिटी फुकट आहे आणि पुरेसं आहे. शेवटी आवाजाची पातळी उणे 16 एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास आणा, ॲपल तेवढीच सुचवतं, म्हणजे आधीच्या शोवरून तुमच्यावर आल्यावर ऐकणाऱ्याला आवाज कमीजास्त करावा लागत नाही.

पैशांचं. सुरुवातीला येत नाहीत, बरेच दिवस येत नाहीत, नोकरी सोडून यात उडी मारू नका. आणि येतात तेव्हा सोबत अटी घेऊन येतात. एका कंपनीने आम्हाला फोन वापरायला दिला आणि स्क्रिप्ट आधी दाखवा म्हणाली, आम्ही नाही म्हटलं, पुढचा फोन आला नाही. मला त्याचं दुःख नाही. आम्ही फोनच्या बॅटरीबद्दल जे बोललो ते ऐकून कोणीतरी वीस हजार रुपये वाचवले असतील, त्या माणसाशी आपलं नातं आहे. पैसे घेऊन बोलत असाल तर तसं सांगणं बंधनकारक आहे, जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या संस्थेने 2021 मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम काढलेत आणि जानेवारी 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही मार्गदर्शन काढलंय. दोन्ही नीट वाचा. ऑडिओत सुरुवातीलाच तोंडाने सांगायचं, फुकट मिळालेला फोन हाही त्यातच येतो.

आकड्यांवर जीव टांगून बसू नका. सप्टेंबर 2023 मध्ये आयफोनच्या नवीन सॉफ्टवेअरने एपिसोड आपोआप डाउनलोड करायची पद्धत बदलली आणि जगभरच्या भल्याभल्या शोंचे डाउनलोड घसरले, ऐकणारे होते तेवढेच होते. 2024 मध्ये गूगलने स्वतःचं पॉडकास्ट ॲपच बंद केलं. अशा वेळी ज्यांची आरएसएस फीड (जिच्यावरून सगळ्या ॲपना तुमचे नवीन एपिसोड कळतात ती लिंक) स्वतःच्या ताब्यात होती त्यांचं फारसं काही बिघडलं नाही. म्हणून होस्टिंग, म्हणजे एपिसोड ठेवायची ऑनलाइन जागा, घेताना पहिलं विचारा की उद्या दुसरीकडे जायचं झालं तर फीड रीडायरेक्ट करून, म्हणजे नव्या जागेकडे वळवून देता का, आणि फीडमध्ये ईमेल स्वतःचा टाका, शो सोडून जाऊ शकेल अशा मित्राचा नको. फुकट जागा मिळतेय म्हणून घाई करू नका.

यातच नोकरी हवी असेल तर एडिटिंग आणि रिसर्च या दोन कामांना मुंबईत मागणी आहे, पॉडकास्ट करणाऱ्या कंपन्या इथे आहेत, पब्लिशर आणि ब्रँडही आता स्वतःचे शो काढतात. अर्ज करताना भलामोठा बायोडेटा नको. दोन मिनिटांचा तुकडा पाठवा, आधी कापलेला नसताना कसा होता आणि कापल्यावर कसा झाला असे दोन्ही. मी स्वतः कोणाला कामाला घेते तेव्हा तेवढंच ऐकते.

आणि विषय सुचत नाही म्हणणाऱ्यांसाठी, रुळांच्या अगदी जवळ उभं राहून रेल्वेच्या ॲपवर पेपरलेस तिकीट का निघत नाही, बेस्टची बस ॲपवर जिथे दिसते तिथे ती प्रत्यक्ष का नसते, जुलैत धो धो पाऊस लागला की घरातलं नेट का रडतं, सोसायटीच्या गेटवरच्या ॲपमध्ये आपला फोन नंबर कोणाकोणाकडे जातो. यातल्या एकेका विषयावर मराठीत नीट बसून केलेला एपिसोड मी शोधतेय. तुम्ही केलात तर लिंक पाठवा, आमच्या पुढच्या भागात तुमचं नाव घेऊन सांगते.