किडनीच्या रुग्णाचा सावकाश व्यायाम: आधी वार बघा, मग आसन

आधी एक गैरसमज बाजूला करू. योगासनांनी किडनी ‘धुतली’ जात नाही आणि प्राणायाम केला म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती गाळते हे सांगणारा रक्तातला आकडा, ३ वरून १ वर येत नाही. क्रिएटिनिन तयार होतं ते स्नायूंतून. पेशंट अंथरुणाला खिळला, दंड-मांड्या वाळल्या, की हा आकडा थोडा उतरतोही आणि घरचे खूश होतात. प्रत्यक्षात किडनी होती तिथेच असते, अंगावरचं मांस मात्र गेलेलं असतं. सावकाश व्यायामाचं काम वेगळं आहे. खुर्चीतून आधाराशिवाय उठता यावं, रात्री मोरीकडे जाताना तोल जाऊ नये, बीपी थोडं आवरावं, झोप लागावी आणि डायलिसिसची सुई टोचायच्या आदल्या रात्रीची धास्ती जरा हलकी व्हावी, एवढ्यासाठी तो करायचा.

‘केडिगो’ या किडनीविकारांच्या जागतिक मार्गदर्शक संस्थेच्या २०२४ च्या सूचनांत आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम, किंवा हृदयाला आणि शरीराला पेलेल तेवढा, असं म्हटलं आहे. त्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. डायलिसिसवरच्या माणसाने पहिल्या आठवड्यात दिवसाला दहा मिनिटं केली तरी पुष्कळ झालं.

वार आणि वेळ

कोणतं आसन करू, असं सगळे विचारतात. कधी करू, हे फार थोडे विचारतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

समजा डायलिसिस सोमवार-बुधवार-शुक्रवार आहे. मशीनवरून उतरल्यावर अंगातलं पाणी काढलेलं असतं, बीपी खाली असतं, रक्त पातळ राहावं म्हणून हेपॅरिन दिलेलं असतं. त्या दिवशी पुढे काहीही करायचं नाही. मंगळवार आणि गुरुवार सगळ्यात चांगले. शनिवारी सकाळीही चालेल. रविवारी मात्र फक्त श्वास आणि बसल्या बसल्या हातपाय हलवणं, कारण दोन दिवसांच्या खंडामुळे सोमवारी मशीनवर जाईपर्यंत अंगात पाणी आणि रक्तात पोटॅशियम सर्वात जास्त साठलेलं असतं. हृदयाला धोका याच काळात अधिक.

यावल-चोपड्याकडून जळगावला एसटीने डायलिसिसला येणाऱ्यांसाठी एक जास्तीची सूचना. परतताना स्टँड जवळ आला की सीटवरच बसून दोन्ही पावलं वीस-पंचवीस वेळा वर-खाली करा, मग दांडी धरून उठा आणि उभ्यानेच दोन श्वास थांबा. पाय लोंबकळत राहिल्याने रक्त खाली साचतं. त्यात पाणी काढलेलं असलं, तर उठता क्षणी डोळ्यांपुढे अंधारी येते. पायरीवर पडलेल्यांची हाडं या आजारात लवकर मोडतात.

आता घड्याळ. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा पहाटे साडेपाच ते सात हीच वेळ. संध्याकाळी ऊन उतरलं असं वाटतं, पण भिंती आणि गच्ची रात्री नऊपर्यंत वाफ सोडत असतात. गच्चीवर अनवाणी तर मुळीच जाऊ नका. मधुमेहाने तळव्यांची जाणीव गेली असेल, तर पाय भाजतो आणि कळतं ते फोड दिसल्यावर. धुळ्याच्या थंडीत याच्या उलट करा. कडाक्याच्या पहाटे रक्तवाहिन्या आकसून बीपी चढतं, म्हणून ऊन ओट्यावर आल्यावर, आठ-नऊला बसा.

उन्हाळ्यात पाणी किती प्यायचं, याला सरसकट उत्तर नाही. लघवी चांगली होणाऱ्या, डायलिसिस नसलेल्या रुग्णाला पाणी कमी पडलं तर उरलीसुरली किडनीही दुखावते. लघवी बंद झालेल्याला तेच पाणी फुप्फुसात साठतं. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापातलंच पाणी व्यायामासाठी राखून ठेवा, वरून वाढवू नका.

बसण्याआधीची दोन मिनिटं

बीपी मोजा, फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेल्या) हातावर नाही, दुसऱ्या हातावर. १८०/११० किंवा त्याहून जास्त असेल तर आज सुट्टी, आणि डॉक्टरांना फोन. पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा, आकडा तोच आला तर फोन उद्यावर ढकलू नका. ताप, छातीत दुखणं, आडवं झोपल्यावर दम लागणं, पायांत एकदम आलेली विलक्षण अशक्तता, यांपैकी काहीही असेल तर व्यायाम नाही, थेट दवाखाना. पायांतली अशी अशक्तता पोटॅशियम वाढल्याचं लक्षण असू शकतं. आणि आडवं पडल्यावर लागणारा दम प्राणायामाने जात नाही, तो बहुधा फुप्फुसात साठलेल्या पाण्याचा असतो.

इन्शुलिन घेणाऱ्यांनी साखर बघायचीच. किडनी दुबळी झाली की इन्शुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, त्यामुळे नेहमीच्याच डोसवर साखर अचानक घसरते. १०० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खा. ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर अर्ध्या कप पाण्यात ढवळून प्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. केळं नको, संत्र्याचा रस नको, कारण दोन्हीत पोटॅशियम. रावेर-यावलच्या घरात केळीचा घड टांगलेलाच असतो, हात आधी तिकडे जातो. म्हणून साखरेचा डबा व्यायामाच्या जागेजवळच ठेवा.

फिस्टुला असेल तर त्यावर बोटं ठेवून थरथर लागते का बघा. ही थरथर रोज लागलीच पाहिजे. बंद वाटली तर वाट न पाहता डायलिसिस सेंटरला कळवा. गुठळी झाली असेल तर वेळेत पोचल्यास फिस्टुला वाचवता येतो, उशीर झाला की नवा करावा लागतो.

जागा आणि खुर्ची

चार पायांची, न सरकणारी, साधारण दीड फूट उंचीची खुर्ची घ्या. प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर सरकते, तीच वापरायची असेल तर पाठ भिंतीला टेकवा. बाज चालणार नाही, ती मध्ये खचते आणि कंबर वाकते. पायांत घट्ट बसणारी चप्पल किंवा बूट घाला. बोटांतून निसटणारी स्लीपर नको.

क्रम

पूर्ण केला तर वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पहिल्या आठवड्यात पहिले तीन आणि शेवटचा, एवढेच करा.

१. श्वास, तीन मिनिटं. पाठ टेकून बसा, पावलं जमिनीवर. चार मोजत नाकाने श्वास आत, सहा मोजत बाहेर. श्वास रोखायचा नाही, कुठेही नाही. सहा मोजणं जड गेलं तर तीन-चार करा. डोकं हलकं वाटू लागलं तर तुम्ही गरजेपेक्षा खोल ओढताय, नेहमीचा श्वास घ्या.

२. खांदे, मनगटं, घोटे. प्रत्येक आठ वेळा, श्वासाच्या लयीत. हात वर घेताना श्वास आत, खाली आणताना बाहेर. मानेत डायलिसिसची नळी असेल तर त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नका, मान ताणू नका. जांघेत नळी असेल तर ती निघेपर्यंत फक्त श्वास आणि हात.

३. बसून पाय सरळ करणं. मांडी खुर्चीवर टेकलेली, गुडघा हळूहळू सरळ, दोन मोजेपर्यंत थांबा, चार मोजत खाली. एका पायाने आठ, मग दुसऱ्याने. पोटरीत गोळा आला तर पावलाचा चवडा स्वतःकडे ओढून धरा. गोळे वारंवार, विशेषतः डायलिसिसनंतर येत असतील, तर पाणी जास्त खेचलं जातंय का हे डॉक्टरांना विचारा.

४. उठ-बस. सगळ्या क्रमात एकच प्रकार करायचा झाला तर हा करा. खुर्चीच्या पुढच्या कडेला सरका. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, खांद्याएवढी रुंद. नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुका आणि श्वास सोडत उठा. उभं राहून दोन श्वास. मग चार मोजत बसा, धपकन नाही. पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं विसावा, पुन्हा पाच.

यात तीन चुका नेहमी होतात. श्वास दाबून उठणं, त्याने बीपी क्षणात उसळतं. आदळून बसणं, त्याने आधीच ठिसूळ झालेल्या मणक्यांना दणका बसतो. आणि घाईघाईने मोजणी संपवणं, त्याने चक्कर येते. उठताच येत नसेल तर खुर्चीवर गोधडीची जाड घडी टाकून बैठक उंच करा. ताकद आली की घडी काढा. हाताने रेटून उठायचं असेल तर फिस्टुलाच्या हातावर भार देऊ नका.

५. वजन बदलणं. ताई ची या चीनमधल्या सावकाश व्यायामपद्धतीचा हा गाभा. खुर्चीच्या पाठीमागे उभे राहा, बोटं पाठीवर नुसती टेकवा. गुडघे किंचित सैल. चार मोजत सगळं वजन उजव्या पायावर न्या, डावी टाच अलगद उचला, टेकवा, मग दुसरीकडे. दोन्हीकडे सहा वेळा. ‘आता भार टाचेवर, आता चवड्यावर’ असं मनात म्हणत राहा. मन इकडेतिकडे गेलं की आधी पाऊलच चुकतं. घरातलं कुणीतरी मागे उभं असू द्या, निदान पहिले पंधरा दिवस.

६. घरोट. बसून, घरोट्यावर दळण दळल्यासारखे दोन्ही हात समोर गोल फिरवा, कंबरेतून थोडंच. सहा इकडून, सहा तिकडून. किडनीवर मोठ्या गाठी असतील म्हणजे पॉलिसिस्टिक आजार असेल तर हे सोडून द्या. पोटाचा डायलिसिस करणाऱ्यांनी पाणी काढून झाल्यावरच करावं. पोटात डायलिसिसचं पाणी असताना पीळ दिला की दाब वाढतो आणि हर्नियाला निमंत्रण मिळतं.

७. विसावा, पाच मिनिटं. सपाट शवासन नको, उशा लावून अर्धवट टेकून. उठताना आधी कुशीवर वळा, फिस्टुलाचा हात खाली न घेता, मग काठावर मिनिटभर बसा.

जोर किती? व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर दम तुटला तर कमी करा. नाडी मोजत बसू नका. बीपीच्या काही गोळ्यांमुळे नाडी फारशी वाढत नाही, आणि माणूस समजतो अजून वाव आहे. हिमोग्लोबिन कमी असेल तर दम लवकर लागेल, तो आळस नव्हे.

हे करायचंच नाही

शंखप्रक्षालन आणि कुंजल, कारण लिटरभर मिठाचं पाणी ही या आजारात सरळ सरळ इजा आहे. जोरात कपालभाती, भस्त्रिका, कुंभक (श्वास रोखणं), नौली (पोट घुसळणं). शीर्षासन, सर्वांगासन. मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्याला इजा झाली असेल तर डोकं खाली जाईल असं काहीच नाही. किडनी बदललेल्यांची नवी किडनी ओटीपोटात असते, म्हणून पोटावर भार देणारी धनुरासन-मयूरासनं नकोत, आणि डॉक्टर सांगेपर्यंत वजन उचलणंही नको. नवा फिस्टुला असताना आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्याचा दोर त्या हाताने धरून लटकू नका.

अंग दुखलं तर मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणू नका. या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. महिनाभराच्या व्यायामाने कमावलेलं चार दिवसांच्या गोळ्यांत जाऊ शकतं. दुखणं दोन दिवसांत उतरलं नाही तर डॉक्टरांनाच विचारा. शेकायचं असेल तर पिशवी आधी घरातल्या दुसऱ्याच्या हाताला लावून बघा. व्यायामानंतर ‘ताकद येईल’ म्हणून नारळपाणी, आणि चव म्हणून शेव-पापड, दोन्ही टाळा. पहिल्यात पोटॅशियम, दुसऱ्यात मीठ. कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठही नको, त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं.

फिस्टुलातून रक्त आलं तर घाबरून कापड गुंडाळत बसू नका. नेमक्या जागेवर बोटाने घट्ट दाबा, हात वर धरा, १०८ ला फोन लावा.

वही

साध्या वहीत तारीख, वार, आधीचं आणि नंतरचं बीपी, उठ-बस किती झाल्या, एवढंच लिहा. रक्ततपासणीच्या आदल्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त व्यायाम करू नका, क्रिएटिनिन उगाच वर दिसतं. दोन-तीन महिन्यांनी जेवण सुधारलं आणि अंगावर मांस धरलं, तर डायलिसिसनंतरचं ठरलेलं वजन, म्हणजे ड्राय वेट, नव्याने ठरवावं लागतं. ते जुनंच राहिलं तर मशीन दर वेळी गरजेपेक्षा जास्त पाणी ओढतं, पायांत गोळे येतात, चक्कर येते आणि दोष व्यायामावर जातो. वही घेऊन जा आणि डॉक्टरांना विचारा, माझं वजन नव्याने बघायचं का?