घरच्या पोर्चमध्ये स्पोर्ट्स कारच्या स्प्रिंग बदलताय? या चुका टाळा

स्प्रिंग बदलायच्या कामात लोक ज्याला घाबरतात ते वेगळं, आणि ज्यामुळे गाडी बिघडते ते वेगळं. दाबलेली स्प्रिंग अंगावर उडेल ही भीती खरी आहे, ती ठेवाच. पण काम झाल्यावरच्या बहुतेक तक्रारी, म्हणजे कटकट आवाज, एका बाजूला ओढणारी गाडी, काही महिन्यांत फाटलेला रबरी बुश, या सगळ्या शेवटच्या अर्ध्या तासात जन्माला येतात. तेव्हा चाक लावायचं तेवढं राहिलेलं असतं आणि हात घाई करतात.

आधी आपल्या गाडीखाली काय आहे ते बघा. मस्टँग, मिनी कूपर, पोलो जीटी या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअपवरच स्प्रिंग चढवलेली. बॉक्स्टरला तर चारही कोपऱ्यांत स्ट्रटच. 2016 मध्ये भारतात आलेल्या मस्टँगच्या मागच्या स्प्रिंगा मात्र शॉकअपपासून वेगळ्या, खालच्या आर्मवर, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यावर, बसतात. वेगळी स्प्रिंग आर्म खाली घेऊन निघते, तिचं काम तुलनेनं सोपं. पुढचं जास्त बोलणं स्ट्रटचं आहे, कारण गोंधळ तिथेच होतो.

जागा आणि वेळ

नागपुरात नव्या घरांच्या पोर्चला पेव्हर ब्लॉक असतात. त्यावर घोडीचे, म्हणजे उचललेली गाडी पेलणाऱ्या स्टँडचे, चार पाय चार वेगवेगळ्या ब्लॉकवर येतात आणि एखादा ब्लॉक खचला की घोडी तिरकी. खाली जाड प्लायवूडचा तुकडा टाका. सिमेंट रोड झाल्यापासून अनेक गल्ल्यांत रस्ता वर आणि घर खाली अशी गत झाली आहे, त्यामुळे पोर्चला उतार असतो. उतारावर हे काम नको म्हणजे नकोच. डांबरी रस्त्याच्या कडेला करायचा विचार असेल तर मे महिन्यात तोही सोडा. 45 अंशांत डांबर मऊ होतं, घोडी रुतते आणि पाना हातात धरवत नाही. पहाटे सुरू करा, दुपारी आत जा.

नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालणाऱ्याला समजावण्यात अर्थ नाही, म्हणून तो विषय सोडतो.

दोन्ही पुढची चाकं एकदम वर घ्या, हे मात्र नीट लक्षात ठेवा. एकच बाजू उचलली की अँटीरोल बार, म्हणजे डावी-उजवी बाजू जोडणारा दांडा, पीळ घेतो, त्याला जोडलेल्या लिंक रॉडचा बोल्ट अडकून बसतो आणि शेवटी लोक हातोडी मारून त्याचे आटे खराब करतात. दोन्ही बाजू सारख्या लोंबल्या की तोच बोल्ट हाताने निघतो.

नागपूरची हवा कोरडी, त्यामुळे इथे वाढलेल्या गाडीचे बोल्ट सहसा गंजून बसत नाहीत. सेकंडहँड गाडी मुंबईहून आणलेली असेल तर गोष्ट वेगळी. सप्टेंबर 2023 च्या पुरात अंबाझरीच्या बाजूला पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचंही तेच. अशा गाडीच्या बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा.

स्प्रिंग दाबताना

इथे आकडा माहीत असलेला बरा. मिलिमीटरमागे 30 न्यूटनची स्प्रिंग 150 मिलिमीटर दाबली की ती 4,500 न्यूटन, म्हणजे साडेचारशे किलोच्या वर जोर लावून बसलेली असते. त्यात साधारण 340 ज्यूल ऊर्जा साठते. दहा किलोचं वजन साडेतीन मीटरवरून डोक्यात पडावं, तेवढी. हे सगळं कंप्रेसरच्या, म्हणजे स्क्रू फिरवून स्प्रिंग दाबून धरणाऱ्या अवजाराच्या, हुकांच्या भरवशावर.

म्हणून हुक समोरासमोर लावा, एका बाजूला सरकलेले नकोत. दोन्ही स्क्रू आळीपाळीनं, दोन-दोन आटे फिरवत कसा. एक बाजू पुढे गेली की स्प्रिंग केळीसारखी वाकते आणि हुक घसरतो. स्क्रूच्या आट्यांना आधी ग्रीस लावा. स्प्रिंगच्या टोकाच्या रेषेत तोंड आणू नका.

या वेळी कुणीतरी शेजारी येऊन उभा राहतोच. "काहून एवढा वेळ घालवून राहिले भाऊ, गन लावा ना!" गन, म्हणजे झटके देत नट फिरवणारं यंत्र, कंप्रेसरच्या स्क्रूला लावायची नाही, त्याचे आटे अशा झटक्यांसाठी केलेले नसतात. वरच्या मधल्या नटालाही नाही. तिथे शॉकअपचा दांडा नटाबरोबर गरगर फिरतो आणि आतल्या सीलची वाट लागते. दांड्याच्या टोकाला एलन की धरायची आणि नट पान्याने सोडवायचा. त्याआधी स्प्रिंग आपल्या बशीत हाताने हलते का ते पाहा. हलत नसेल तर ती अजून जोर लावून बसली आहे, नटाला हात लावू नका.

माझं मत विचाराल तर हा भाग घरी करूच नका. वरचा नट जसाच्या तसा घट्ट ठेवून अख्खा स्ट्रट काढा, स्कूटरच्या पायाशी ठेवा आणि भिंतीवरचा कंप्रेसर असलेल्या गॅरेजात न्या. बाकी सगळं काम तुमचंच राहतं.

बसवताना काय चुकतं

स्प्रिंगचं टोक खालच्या बशीतल्या खाचेला टेकलं पाहिजे. एक बोट अंतर राहिलं तरी पहिल्याच खड्ड्यात स्प्रिंग "टण्ण" करून फिरते आणि ती बाजू किंचित खाली बसते. वर-खाली उलटी लावण्याची चूकही होते. स्प्रिंगवरची छापील अक्षरं सरळ वाचता येतील अशी ठेवा, बहुतेक वेळा तेच बरोबर असतं. शंका आली तर जुनीशी ताडून पाहा. डावी-उजवी वेगळी असेल तर रंगाचे पट्टे बघूनच बसवा, आणि बदलायची तर एका एक्सलवरची जोडी बदला.

कार आधीच उघडली आहे तर वरचं माउंटिंग आणि बेअरिंगही बघून घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबर तडकतं. पाच-सात वर्षांचं माउंटिंग परत लावणं म्हणजे तेच काम पुन्हा ओढवून घेणं. बेअरिंग उलटं बसलं तर वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही.

काम चालू असताना ब्रेकचा कॅलिपर होजवर, म्हणजे त्याच्या रबरी नळीवर, लोंबू देऊ नका, तारेने बांधा. नकलही, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भागही, बाहेर झुकू देऊ नका. पुढच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत त्याने ड्राइव्ह शाफ्टचा आतला जोड निसटतो. एबीएसची तार क्लिपमधून आधी सोडवा. ओढली गेली तर डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि दोष स्प्रिंगला दिला जातो.

सगळ्यात जास्त पैसे वाया घालवणारी चूक आता सांगतो. लोअर आर्मच्या बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. ते फिरत नाही, पीळ घेतं. चाकं हवेत लोंबत असताना तो बोल्ट कसला, की गाडी जमिनीवर येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी थोडी उंच बसते, चाल आखडते आणि काही महिन्यांत बुश फाटतो. मग नवीन स्प्रिंगच खराब निघाली असं वाटतं. बोल्ट आधी नुसते हाताने लावा. गाडी चाकांवर किंवा आर्मखाली जॅक देऊन रोजच्या उंचीला आणा, आणि तेव्हाच टॉर्क रेंचनं, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानं, कसा. आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलचाच घ्या. ताणून बसणारे बोल्ट आणि नायलॉनचे नट नवे वापरा.

आवाज आला तर

स्टिअरिंग उभ्या गाडीत वळवताना "टक्" होत असेल तर स्प्रिंगची बैठक किंवा वरचं बेअरिंग बघा. छोट्या खड्ड्यात कटकट येत असेल तर आधी लिंक रॉड, मग वरचा मधला नट. मोठ्या स्पीडब्रेकरवर एकदम "धप्प" बसत असेल आणि स्प्रिंगा आखूड असतील, तर स्टॉपर, म्हणजे शॉकअपच्या दांड्यावरचं रबर, लांब राहिला आहे. स्प्रिंग बनवणाऱ्यानं कापायला सांगितलं असेल तेवढाच कापा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी नकलचे बोल्ट तपासा. तिथे थोडा ढिलेपणा असतो, त्यामुळे कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बदलतो.

अलाइनमेंट केल्याशिवाय वर्धा रोडवर पळवून बघू नका. आधी गल्लीत वीसच्या वेगात, खिडक्या उघड्या ठेवून दोन चकरा मारा. अलाइनमेंटवाल्याला स्प्रिंग बदलल्याचं सांगा आणि आधीचा-नंतरचा दोन्ही कागद मागा. बऱ्याच स्ट्रटच्या गाड्यांत फक्त टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळली आहेत ते, सेट होतो, कॅम्बर नाही. "सेट झालं" एवढ्या शब्दावर निघू नका.

गाडी खाली घेतली असेल तर हेडलाइटची उंचीही तपासा. आणि कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 ची बंधनं आहेत. विमा कंपनीला न कळवता स्प्रिंगा बदलल्या तर अपघातानंतर दाव्यात अडचण येऊ शकते. मूळ मापाच्या स्प्रिंगा लावणाऱ्यांना ही चिंता नाही. त्यांनी काही शे किलोमीटरनंतर बोल्ट एकदा पुन्हा टॉर्क रेंचनं तपासले की झालं.