सुपरचार्जरच्या गाडीचा ब्रीदर बदलण्यापूर्वीची तयारी

सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप) असलेल्या पेट्रोल गाडीच्या ब्रीदरचे काम, म्हणजे क्रँककेसमधला (पिस्टनांखालच्या पोकळीतला) वायू बाहेर काढणाऱ्या नळ्यांची मांडणी बदलण्याचे काम, हाती घेण्यापूर्वी पाना उचलू नये. आधी कागद-पेन्सिल घ्यावी आणि आपल्या इंजिनाच्या प्रत्येक नळीतून वायू कोणत्या वेळी कोणत्या दिशेने जातो ते बाण काढून मांडावे. साध्या इंजिनात हा हिशेब सोपा असतो. पिस्टन रिंगांच्या फटींतून खाली निसटणारा वायू, ज्याला आपले मिस्त्री बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, तो मॅनिफोल्डच्या (सिलेंडरांना हवा वाटणाऱ्या नळीच्या) ओढीने पीसीव्ही व्हॉल्व्ह नावाच्या झडपेतून पुन्हा जळायला जातो, आणि त्याची जागा घ्यायला एअर फिल्टरच्या पुढून निघालेल्या दुसऱ्या नळीतून ताजी हवा आत येते. सुपरचार्जरच्या इंजिनात ॲक्सिलरेटर दाबला की मॅनिफोल्डमधली ओढ संपते आणि तिथे अर्धा बार किंवा त्याहून अधिक दाब उभा राहतो. त्या क्षणी पीसीव्हीची वाट बंद झालीच पाहिजे, आणि एरवी ताजी हवा आणणाऱ्या नळीनेच उलट चालून क्रँककेसमधला वायू सुपरचार्जरच्या तोंडाशी नेऊन सोडला पाहिजे. म्हणून नकाशे दोन काढावेत, एक ओढीचा आणि एक दाबाचा. थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) सुपरचार्जरच्या आधी आहे की नंतर, हेही त्यातच नोंदवावे. आधी असेल तर थ्रॉटल आणि सुपरचार्जर यांच्या मधल्या जागेत, पाय काढल्यावर जबर ओढ असते, आणि ब्रीदरची जाड नळी अजाणतेपणी तिथे जोडली गेली तर ती चेंबरमधले (इंजिनाच्या तळाच्या भांड्यातले) तेल वर खेचत राहते.

हे शहाणपण मला विकत घ्यावे लागले. आमच्या इंदूरच्याच एका गॅरेजमध्ये माझ्या गाडीला तेल पकडणारा डबा, म्हणजे कॅच कॅन, बसवून घेतला, तेव्हा मूळ पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून तिथे नुसता टी आकाराचा जोड लावून दिला गेला होता. शहरात गाडी उत्तम चालली. इंदूरजवळच्या मानपूरच्या पुढे निमाडात उतरणाऱ्या घाटातून परत वर येताना जळक्या तेलाचा वास आला. बॉनेट उघडले तर तेल मोजायची गेजपट्टी आपल्या नळीतून चार बोटे वर आलेली, आणि टॅपेट कव्हरच्या कडेने तेलाचा ओघळ सायलेन्सरच्या गरम पाइपवर उतरून धूर काढीत होता. मॅनिफोल्डचा दाब थेट क्रँककेसमध्ये घुसत होता. दोष त्यांचा जितका तितकाच माझा, कारण नकाशा मीही काढला नव्हता.

नकाशानंतर इंजिनाची तब्येत पाहावी, कारण झिजलेल्या रिंगांवर कॅच कॅन हा उपाय नव्हे. चारही सिलेंडरांचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे, त्यांत दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक फरक आढळला तर लीक-डाउन चाचणी (सिलेंडरात हवा भरून ती कुठून गळते ते पाहणे) करावी, आणि ऑईल फिलरच्या तोंडाशी फुसफुस स्पष्ट ऐकू आली तर तो खर्च आधी रिंगांवर करावा. इनटेकमध्ये सापडलेले तेल नक्की ब्रीदरचेच आहे ना, याचीही खातरजमा करावी. ईटनसारख्या रूट्स पद्धतीच्या सुपरचार्जरच्या गिअरना स्वतःचे वेगळे तेल असते आणि त्याचे सील गेले तरी दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमध्ये तसाच ओलावा दिसतो. हजार किलोमीटरला इंजिन किती तेल खाते, हा आकडा काम सुरू करण्यापूर्वीच लिहून ठेवावा, नाहीतर सुधारणा झाली की नाही हे नंतर फक्त मनाच्या समाधानावर ठरते.

दाब मोजण्याची तयारी मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तीच सर्वाधिक टाळली जाते. पारदर्शक प्लॅस्टिक नळी लाकडी फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी ठोकून तिच्यात कुंकू कालवलेले पाणी भरावे, शेजारी फूटपट्टी चिकटवावी, की मापक तयार झाले. दोन बाजूंच्या पाण्यात दहा सेंटिमीटरचा फरक म्हणजे सुमारे एक किलोपास्कल. जोडणी गेजपट्टीच्या नळीला करू नये, कारण पुष्कळ इंजिनांत तिचे खालचे तोंड तेलात बुडालेले असते आणि मापन फसवे येते. त्याऐवजी फिलरचे एक जादा झाकण घेऊन त्याला भोक पाडून निपल बसवावे. मध्ये एक रिकामी बाटली अवश्य जोडावी, म्हणजे ओढ वाढली तरी पाणी इंजिनात न जाता बाटलीत पडेल. हे मापक उभ्या गाडीपुरतेच आहे. आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) पाणी इंजिनाकडे थोडेसे ओढलेले दिसले पाहिजे. चालत्या गाडीत, भाराखाली, वातानुकूलनवाले वापरतात तसले कमी दाबाचे मॅग्नेहेलिक गेज नळीने आत घ्यावे आणि ते वाचायला शेजारी दुसरा माणूस बसवावा. चढावर दाबाची आणि उतारावर, गिअरमध्ये पाय काढून, ओढीची अशी दोन्ही टोके एकाच फेरीत मिळतात, म्हणून मानपूरचा तोच घाट मला यासाठी सोयीचा वाटतो. मात्र ट्रकांची वर्दळ पाहता भल्या पहाटे जावे. भाराखाली काटा शून्याच्या वर चढून तिथेच राहत असेल तर नळी अरुंद आहे किंवा रिंगा थकल्या आहेत.

सामान जमवताना नळीवर काटकसर करू नये. इंदूरच्या सियागंज बाजारात हार्डवेअरची हवी ती वस्तू मिळते, आणि धोका नेमका तोच आहे, कारण रेडिएटरचा होज दिसायला मजबूत असला तरी तो बहुधा ईपीडीएम रबराचा असतो आणि तेलाच्या वाफेने फुगून मऊ पडतो. दुकानदाराकडे नायट्राइल रबराचा, आणि इंजिनाच्या फार जवळ जाणार असेल तर फ्लुओरो-रबराचे अस्तर असलेला होज नाव घेऊन मागावा, आणि ओढीने चपटा होत नाही ना हे एक टोक तळव्याने बंद करून दुसरीकडून तोंडाने हवा ओढून तिथेच पाहावे. नळीचा आतला व्यास मूळ नळीपेक्षा कुठेही कमी नसावा. मूळ पीसीव्ही व्हॉल्व्ह फेकू नये. तो केवळ एकमार्गी झडप नसून आयडलला किती वायू जाऊ द्यायचा याचे मापही तोच ठेवतो, त्यामुळे त्याच्या जागी साधा चेक व्हॉल्व्ह घातला तर आयडल डगमगतो आणि तेलही अधिक ओढले जाते. जादा चेक व्हॉल्व्ह हवा असेल तर तो पीसीव्हीच्या जोडीला, मॅनिफोल्डच्या बाजूला बसवावा, आणि बसवण्यापूर्वी सायकलच्या पंपाने उलट बाजूने दाब देऊन तो खरोखर धरतो का ते तपासावे.

डब्यात आडपडदे आणि जाळी असावी. पडदे नसलेला पोकळ डबा तेलाचे बारीक थेंब जवळजवळ तसेच पुढे सोडतो. जाळी म्हणून भांडी घासायची स्टीलची घासणी कोंबण्याची पद्धत मी पाहिली आहे. तिचे तुटके तार सुपरचार्जरच्या रोटरांमधल्या मिलिमीटरच्या अंशाएवढ्या फटीत गेले तर काय होईल, याचा विचार कोंबणाऱ्याने करावा. डब्याची जागा वारा लागेल अशी, सायलेन्सरपासून दूर आणि नळ्यांचा उतार डब्याकडे राहील अशी, पुठ्ठ्याचा नमुना कापून आधीच ठरवावी, आणि खालच्या निचऱ्याच्या तोटीपर्यंत हात पोहोचतो ना तेही पाहावे.

डब्यातून निघणारी नळी मोकळ्या हवेत सोडण्याचा मोह होतो, तो टाळावा. पेट्रोल गाड्यांच्या भारत स्टेज निकषांत क्रँककेसचा वायू बाहेर सोडण्याला जागा नाही, आणि निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफाराला मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ आडवे येते. शिवाय हवा मोजणारा सेन्सर असलेल्या इंजिनात मोकळ्या ब्रीदरमधून न मोजलेली हवा शिरते आणि मिश्रणाचा हिशेब चुकतो. नळी सुपरचार्जरच्या आधी, पण हवा सेन्सरमधून गेल्यानंतरच्या जागी, परत जोडलेलीच बरी; थ्रॉटल सुपरचार्जरच्या आधी असेल तर त्या दोघांच्या मध्ये मात्र नाही.

जुबली क्लिपा, झाकणाची जादा रिंग आणि नळ्या ओळखण्यासाठी नेलपॉलिशची बाटली हे किरकोळ सामान आदल्या दिवशीच एका परातीत काढून ठेवावे. काम संपल्यावर पहिल्या पाचशे किलोमीटरला डबा रिकामा करून बघावा. जानेवारीत, इंदुरात राजवाडा ते पलासिया अशाच छोट्या फेऱ्या होत असतील, तर आत ताकासारखे पांढुरके पाणीमिश्रित तेल सापडेल. इंजिन पुरते तापत नसल्याची ती खूण आहे, हेड गॅस्केट फुटल्याची धास्ती लगेच घेऊ नये, पण कूलंटची पातळी एकदा पाहून घ्यावी. मे महिन्यात तेच तेल काळपट आणि थोडे निघते. ते नालीत ओतू नये. झाकणाच्या डब्यात साठवून जुने ऑईल घेणाऱ्याकडे द्यावे. काढलेल्या मूळ नळ्या, क्लिपा आणि ब्रॅकेट एका पिशवीत घालून, कोणती नळी कुठली याची चिठ्ठी आत टाकून, ती पिशवी डिकीत जपून ठेवावी, कारण गाडी कधी तपासणीला न्यायची झाली तर अर्ध्या तासात सारे पूर्ववत करता आले पाहिजे.