कणकुंबीचं पाणी कुठं जातंय? ऑनलाइन नकाशावर भूगोल शिकवायचा असेल तर

नकाशा टीव्हीवर लावून सरांनीच बोट दाखवत बसायचं म्हटलं तर पोरं नुसती बघत राहतात. त्यामुळं मोबाईलच्या आधी कागद द्या. घर ते शाळा असा नकाशा मनानं काढायला सांगा, वाटेतलं देऊळ, बसस्टॉप, नाला, जे आठवेल ते, आणि उत्तरेचा बाण पण टाकायला लावा. मग गूगल मॅप्सवर सॅटेलाइट लावून तोच रस्ता शोधू दे, बाण कुठं फिरला ते त्यांचं त्यांनाच दिसतंय.

अंतर मोजायला कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून मेजर डिस्टन्स घ्यायचं. खानापूर ते कणकुंबी (दोन्ही बेळगाव जिल्ह्यातली) आधी सरळ रेषेत मोजा, नंतर रस्त्यानं किती ते बघा आणि फरक का पडला ते विचारा. त्याच राइट क्लिकमध्ये अक्षांश-रेखांश येतात (बेळगाव साधारण १५.८५ उत्तर, ७४.५ पूर्व). एक अंश अक्षांश म्हणजे जवळपास १११ किमी, हे पाठ करून घेण्यापेक्षा मोजूनच घ्या.

नद्यांना मात्र अख्खा तास ठेवा, आपल्या भागातल्या पोरांना यापेक्षा भारी धडा नाही. मलप्रभा कणकुंबीत उगम पावते आणि म्हादई त्याच खानापूर तालुक्यात देगावजवळ. अर्ध्या वर्गाला एक नदी, अर्ध्याला दुसरी, आणि समुद्रापर्यंत बोटानं जायला सांगायचं. मलप्रभावाले सौंदत्तीच्या धरणावरून कुडलसंगमला कृष्णेत पोचतात आणि तिथनं थेट बंगालचा उपसागर, तोवर म्हादईवाले गोव्यात मांडवी होऊन पणजीजवळ अरबी समुद्राला लागलेले असतात. एकाच तालुक्यातलं पाणी, मग दोन समुद्र कसे? हा प्रश्न पोरांकडनंच यायला पाहिजे, थोडं थांबा, येतोच.

आता टेरेन लेयर (उंचसखलपणा दाखवणारा नकाशा) लावा आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या), त्यावरचे उंचीचे आकडे दिसेपर्यंत झूम करा. कुठल्या धारेवरनं पाणी दोन्हीकडं वाटलं जातंय ती रेघ ट्रेसिंग पेपरवर पोरांनी ओढायची, हाच जलविभाजक. लॅबमध्ये गूगल अर्थ प्रो असेल (फुकट आहे) तर पूर्व-पश्चिम एक पाथ काढून त्याचं एलिव्हेशन प्रोफाइल उघडा, गोव्याकडं उतार कसा एकदम कोसळतोय आणि आपल्या बाजूला कसा हळूहळू जातोय ते समोर दिसतंय. फक्त त्या आलेखात उंची ताणून दाखवलेली असते, म्हणून दोन्ही अक्षांवरचे आकडे वाचायला लावाच, नाहीतर पोरांना सह्याद्री भिंतच वाटतो. एवढं झालं की पेपरातली कळसा-भांडुऱ्याची (म्हादईकडं जाणारं पाणी मलप्रभेत वळवायच्या योजनेची) बातमी पण त्यांना नकाशासकट कळते.

जंगलाकडच्या शाळांत रेंज नसते. ऑफलाइन मॅप डाउनलोड होतो, पण त्यात सॅटेलाइट येत नाही, म्हणून लागणारे स्क्रीनशॉट आदल्या दिवशी काढून प्रिंट मारून ठेवा, आणि त्यावर स्केलची पट्टी आलीय का ते आधी बघा.