स्वयंपाकघरावरचे काचेचे कौल

फोंड्याजवळच्या आमच्या कौलारू घरात स्वयंपाकघराला उजेड मिळतो तो छपरातल्या दोन काचेच्या कौलांमधून. गेल्या पावसाळ्यात त्यांतल्या एकातून थेट ओट्यावर थेंब पडू लागले. माडाची झावळ पडून काच तडकली असावी, असे मला वाटले होते. परंतु शिडीवर चढून पाहिले तेव्हा केसाएवढी बारीक तड नेमकी तिथून निघालेली दिसली, जिथे पूर्वी कोणीतरी कडा सिमेंटने घट्ट बुजवल्या होत्या. उन्हात काच प्रसरण पावते, तिला हलायला जागा नसली की ताण येऊन ती तडकते आणि झिरपणारे पाणी खालची रीप (कौले टेकतात ती लाकडी पट्टी) कुजवते. आमची रीप नखाने उकरली तरी भुसा निघत होता.

पाऊस सरेपर्यंत ताडपत्रीवर भागवले. मे महिन्यात सुताराकडून रीप बदलून घेतली, सिमेंट छिन्नीने हळूहळू काढले आणि नवे कौल सिमेंटविना, वरच्या कौलाखाली सरकवून व खालच्या कौलावर चढवून बसवले. मंगळुरी कौलांचे साचे कारखान्यागणिक थोडे वेगळे असतात, त्यामुळे दुकानात जाताना जुने कौल सोबत न्यावेच. शेवटी आढ्याकडून चार बादल्या पाणी ओतून पाहिले. ओटा कोरडा राहिला.